ओट्याची उंची

सर,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. औरंगपुऱ्यातलं आपलं ऑफिस, कापडाच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्या, आता तिथं मोबाइलचं दुकान आहे. जिनासुद्धा त्यांनी मागच्या बाजूला नेला. माझं स्वतःचं ऑफिस आहे, तेही दोनच खोल्यांचं. आम्ही तिघी जणी आहोत आणि फक्त घरांचेच नकाशे करतो. मोठ्या इमारतीचं काम घेऊन कुणी आलं तर मी दुसऱ्या कुणाचं नाव सुचवते. तुम्हीही तेच करायचात, तेव्हा मला त्याचा राग यायचा. बाकीची ऑफिसं मोठी होत होती आणि आपण मात्र कुणाच्या तरी मोरीचा उतार काढत बसलोय, असं वाटायचं.

मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन तुमच्याकडे आले, त्याआधी तीन ठिकाणी नकार ऐकला होता. मुलगी साइटवर कशी जाणार, हे तिघांनीही विचारलं. तुम्ही वेगळंच विचारलंत. "घरी स्वयंपाक करतेस का?" मला ते टोचलं. मी तुटकपणे म्हटलं, "कधीकधी." तुम्ही म्हणालात, "कधीकधी चालेल. उद्यापासून ये." ऑफिसात तेव्हा तुम्ही होता, म्हातारे ड्राफ्ट्समन काका होते आणि मी. दुपारी ड्रॉइंग बोर्डावर जुना पेपर अंथरून तिघांचे डबे उघडायचे. तुमच्या डब्यातली खट्टी दाळ काका आधी स्वतःच्या वाटीत घ्यायचे आणि मग बाकीच्यांना विचारायचे.

प्रत्येक घर तुम्ही स्वयंपाकघरापासून काढायला घ्यायचात. बैठक, बेडरूम, गॅलरी नंतर. याचं कारण तुम्ही मला एकदाच सांगितलंत, तेही पेन्सिलीला टोक करता करता. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी तुम्ही दहा-अकरा वर्षांचे होता. गावोगावचे नातेवाईक जीव मुठीत धरून तुमच्या शहरातल्या घरी येऊन राहिले. कित्येक महिने तुमच्या अम्मी तीस-पस्तीस माणसांचा स्वयंपाक एका कोंदट खोलीत करत राहिल्या. त्या खोलीला खिडकी नव्हती. "त्या धुरात अम्मीचे डोळे गेले बेटा," तुम्ही म्हणालात, "आणि आम्ही सगळे जेवत होतो." एवढं बोलून तुम्ही टोक बघितलंत आणि पुन्हा कामाला लागलात.

मी कामाला लागून सहा महिने झाले होते तेव्हा पिशोर गावचं ते जोडपं आलं. शेतीवाडी भरपूर, थोरला मुलगा वाळूजच्या कंपनीत नोकरीला, म्हणून सिडकोत प्लॉट घेतलेला. त्यातले काकाच सगळं बोलत होते. काकू खुर्चीच्या टोकाला पदर सावरून बसल्या होत्या. ठेंगण्या, जेमतेम माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. काका मला म्हणाले, "सुनांसाठी उभा ओटा काढा. आन् खाली एका कोपऱ्यात चूल. आमच्या हिला बसूनच सवय हाये." मी मान डोलावली आणि भिंतीवरच्या तक्त्यात बघून ओटा काढला. दोन फूट आठ इंच, सगळीकडे असतो तेवढा. कोपऱ्यात जमिनीवर चूल काढली.

तुम्ही तो कागद बराच वेळ बघत राहिलात.

"ही चूल कुणासाठी?"

"काकूंसाठी, सर."

"त्यांना विचारलंस?"

"काका म्हणाले की…"

"भाकरी काका थापतात का?"

आवाज चढला नव्हता. ड्राफ्ट्समन काकांनी मात्र मान खाली घातली, त्यावरून मला कळलं की ही साधी विचारपूस नाही. तुम्ही कागदाची घडी करून माझ्या हातात दिलीत. "उद्या पिशोरला जा. दिवसभर त्यांच्या चुलीपाशी बस. टेप घेऊन जा, आणि तोंड कमी उघड." जिना उतरताना मी रडले, हे तुम्हाला माहीत नसेल.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गेले. काकू मला बघून गडबडल्या. साहेबांचं माणूस म्हणून त्यांनी मला बैठकीत बसवलं. मी उठून आत गेले. त्या काठवटीत पीठ मळत होत्या, एक पाय मुडपलेला आणि दुसरा समोर लांब सोडलेला. तो गुडघा वाकतच नव्हता. प्रत्येक भाकरी तव्यावर टाकायला त्या कमरेतून अख्ख्या वळायच्या आणि दर वेळी तोंडातून बारीकसा आवाज निघायचा. सवयीचा, त्यांना स्वतःला न ऐकू येणारा. घरात दोन वेळच्या मिळून चाळीसेक भाकऱ्या व्हायच्या. मी विचारलं, काकू, नव्या घरात चूल कुठल्या कोपऱ्यात हवी?

त्या हसल्या. "चूल कशाला बाई आता? मला लई दिवसापासून वाटतंय, उभं ऱ्हावून करावं. पन उभ्या ओट्यावर माझ्यानं भाकर थापवत नाय. भावाच्या घरी करून बघितलं. हात वर ऱ्हातोय, जोरच येत नाय."

"मग काकांना सांगितलं नाहीत?"

"इच्यारलंच नाय कुनी."

मग त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, हवेत भाकरी थापून दाखवली, आणि मी त्यांच्या तळहाताखाली टेप धरली. दोन फूट दोन इंच. तव्याखालची शेगडीसुद्धा त्याच उंचीवर हवी होती.

मी परत आले तेव्हा तुम्ही नवा कागद पुढं सरकवलात. ओटा दोन उंचींचा झाला: खिडकीकडची बाजू बुटकी, काकूंची, उरलेली नेहमीची. काकांना ते पटेना. "पायरीवानी दिसंल. लोकं काय म्हनतील?"  तुम्ही खुर्ची फिरवून काकूंकडे तोंड केलंत आणि विचारलंत, "ताई, तुम्ही सांगा."  काकूंनी नवऱ्याकडे बघितलं नाही, जमिनीकडे बघितलं. "मला असाच पाहिजे," त्या म्हणाल्या. आपल्या ऑफिसात त्या तेवढं एकच वाक्य बोलल्या.

इथवरचं सगळं तुम्हाला माहीत आहे. पुढचं माहीत होतं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

शेवटची ट्रेसिंग, म्हणजे पारदर्शक कागदावरचा शाईचा पक्का नकाशा, काढायची होती त्या आठवड्यात तुम्ही बहिणीच्या आजारपणासाठी हैदराबादला गेलात. जाताना म्हणालात, "आकडे दोनदा तपास आणि साइटवर पाठव." मी प्लॅनमध्ये ओट्याचे दोन भाग करणारी रेघ मारली. नेहमीच्या भागावर उंची लिहिली. बुटक्या भागावर लिहायची राहिली. कारण काहीच नव्हतं. शाई वाळू द्यावी म्हणून मी दुसऱ्या कोपऱ्याकडे वळले आणि परत त्या जागी आलेच नाही. दोनदा तर सोडाच, एकदाही तपासलं नाही. त्यावरून अमोनिया प्रिंट, म्हणजे साइटसाठीची प्रत, काढली आणि साइटवर देऊन आले.

दोनेक महिन्यांनी एका शनिवारी साइटवर गेले तर ओटा झालेला होता. सलग, एकाच उंचीचा, वर कडप्पा बसवलेला, पॉलिशसुद्धा मारलेलं. मिस्त्री अजिंठ्याकडचे, हाताला अतिशय साफ. त्यांनी कौतुकानं कडप्प्यावरून हात फिरवला. "कसा झाला, बाई?" मी म्हटलं, छान. मग सिमेंटची पोती ठेवलेल्या खोलीत जाऊन खिळ्याला लावलेली प्रिंट बघितली. रेघ होती, आकडा नव्हता. ती रेघ म्हणजे दोन फरश्यांचा सांधा, असंच कुणीही समजलं असतं.

मी ती प्रिंट पर्समध्ये घातली. ऑफिसात आले तेव्हा तुम्ही बाहेर होता आणि ड्राफ्ट्समन काका घरी गेले होते. ट्रेसिंग कपाटातून बाहेर काढली आणि बुटक्या भागावर माझ्याच अक्षरात लिहिलं, दोन फूट दोन इंच. पैठण गेटजवळच्या दुकानातून नवी प्रिंट काढून आणली. सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी साइटवर गेले. कागद चार वेळा उलटसुलट दुमडला, घड्यांवर सिमेंटची धूळ चोळली आणि खिळ्याला लावून टाकला. तेव्हा माझं वय एकवीस होतं. घरात भावानं नोकरीला विरोध केला होता, वडिलांनी त्याचं ऐकलं नव्हतं, आणि चुलीवरून तुमची बोलणी मी आधीच खाल्ली होती. ही कारणं मी इतक्या वेळा मनात म्हटली आहेत की आता ती माझी मलाच खोटी वाटतात. खरं एवढंच, की मी घाबरले होते.

मंगळवारी तुम्ही साइटवर आलात. काका-काकूही आले. काकू सरळ ओट्यापाशी गेल्या, हात टेकवून बघितला. हात पार वर राहिला.  "असू द्या," म्हणाल्या, "पाट ठिवून हुबी ऱ्हाईन." काका म्हणाले, "बरंच झालं की. चांगला दिसतोय." तुम्ही मिस्त्रींना कागद आणायला सांगितलंत. तो खिडकीच्या उजेडात धरलात आणि आकड्यावर बोट ठेवलंत.

"मिस्त्री, हे काय लिहिलंय?"

मिस्त्री वाकून बघत राहिले. किती वेळ बघितलं त्यांनी, सर. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे पक्के येत होते. मला वाटलं, आता म्हणतील, हे नव्हतं. ते म्हणाले, "व्हय साहेब. दिसला नाय मला."

"एवढा मोठा आकडा?"

"चुकलं."

मी मध्ये पडले. म्हटलं, "असू द्या सर, होतं असं कधीकधी." हे मी म्हटलं. माझ्या तोंडून ते इतकं सहज आलं की काकूंनी माझ्याकडे मायेनं बघितलं.

तुम्ही ओटा फोडायला सांगितलंत. कडप्पा काढताना तुटला. मिस्त्रींनी ओटा दोन दिवसांत पुन्हा बांधला आणि कामगारांपैकी कुणाला हात लावू दिला नाही. काकूंनी त्या ओट्यावर पुढं कितीतरी वर्षं भाकऱ्या केल्या. वास्तुशांतीला त्यांनी मला आत बोलावून पहिली भाकरी दिली होती. ती मी खाल्ली.

त्या आठवड्यानंतर तुम्ही एक नियम केलात. ड्रॉइंग साइटवर पाठवायचं नाही, स्वतः न्यायचं आणि मिस्त्रींसमोर बसून प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचायचा. हा नियम तुम्ही सांगितलात तो माझ्याकडे बघून नव्हे, ड्राफ्ट्समन काकांकडे बघून. ट्रेसिंगवरचा तो आकडा नंतर लिहिलेला आहे, हे शाईच्या रंगावरून तुम्हाला दिसलं असेल का, हे मी खूप वर्षं मनात घोळवलं. मी स्वतःचं ऑफिस सुरू केलं त्या दिवशी तुम्ही स्वतःचा ड्रॉइंग बोर्ड हमालाच्या डोक्यावर देऊन पाठवलात. तेव्हा फोन करून सांगावं असं वाटलं, आणि मी फोन केलाही, पण बोर्डाबद्दल आभार मानून ठेवला. तुम्ही गेलात त्या दिवशी मी तुमच्या घरी आत मॅडमपाशी बसून होते. पुरुष तुम्हाला घेऊन गेले. मॅडम मला म्हणाल्या, "तुझ्याबद्दल लई बोलायचे, कामात साफ आहे म्हणायचे." मी त्यांना पाणी आणून दिलं.

मागच्या महिन्यात माझ्या एका साइटवर फरशीचं काम घ्यायला एक कंत्राटदार आला. बोलता बोलता कळलं, हा मिस्त्रींचा मुलगा. वडील आता हर्सूलला त्याच्याकडेच असतात, डोळ्यांचं ऑपरेशन होऊनही दिसायचं कमी झालंय, पण तुमच्या ऑफिसचं नाव अजून काढतात, म्हणाला. मी रविवारी गेले. घरून ठरवूनच निघाले होते की सांगायचं.

मिस्त्री अंगणात बाजेवर बसले होते. आवाजावरून ओळखलं त्यांनी मला. सुनेला हाक मारली, "चहा टाक, माझ्या साहेबांच्या हापिसातल्या बाई आल्यात." मग चहा येईपर्यंत त्यांनी तिला आणि मुलाला सगळी गोष्ट सांगितली. सिडकोतलं घर, काकू, ओटा. "कागदावर आकडा हुता," ते म्हणाले, "आन् मलाच दिसला नाय. साहेब लई तापले. दुसऱ्या कुनी काढूनच टाकलं असतं. या बाईंनी सांभाळून घेतलं मला. तवापासून एक आकडा मी तीनदा बघायचो. या पोरालाबी तेच शिकवलं." मुलगा मान हलवत होता. त्याला ही गोष्ट पाठ असावी. सून माझ्याकडे बघून हसली आणि तिनं माझ्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली.

मी चहा प्यायले. डोळ्यांचं ऑपरेशन कुठं केलं ते विचारलं. मुलाच्या कामाचं कौतुक केलं, जे खरंच चांगलं आहे. मी उठले तेव्हा मिस्त्रींनी माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि मी न सांगताच निघाले.

घरी येऊन हे तुम्हाला लिहायला बसले. आज तिसरा रविवार. तुम्हाला सांगणं मला जड गेलं नाही, हे लिहिताना लक्षात आलं. खरं तर हे तुम्हाला सांगायचंच नव्हतं. ज्यांना सांगायचं आहे ते हर्सूलला आहेत, आणि माझ्या ऑफिसातून तिथं जायला रिक्षानं वीस मिनिटंही लागत नाहीत.