अट क्रमांक सात

७ एप्रिल, सोमवार

सव्वीस अभ्यासक्रम! सव्वीसच्या सव्वीस वर्णनं नव्याने लिहायची, प्रवेशाच्या अटी तपासायच्या आणि अठरा तारखेला सगळं समितीपुढे ठेवायचं. प्राचार्य म्हणाले, लोकांना कळेल असं लिहा. म्हणजे आत्तापर्यंत कळत नव्हतं? नऊ वर्षांपूर्वी हे मीच लिहिलंय. कॉलेजात पाठीमागे मला 'नियमावली' म्हणतात, ते माहीत आहे मला. म्हणू देत.

दुपारी वाचायला बसले. 'सदर अभ्यासक्रमाद्वारे प्रशिक्षणार्थींमध्ये शिवणकामविषयक मूलभूत कौशल्ये विकसित करण्यात येतील.' अगं बाई, सरळ सांग ना — फ्रॉक शिवता येईल, पँटची चेन बदलता येईल! पोहण्याच्या प्राथमिक वर्गाची अट वाचून तर चहा सांडला. 'अर्जदारास पोहता येणे आवश्यक.' ही मागाहून पोहण्याच्या सरांनी घातलेली. पोहता येत असतं तर तो बिचारा आला कशाला असता? अख्ख्या ऑफिसला वाचून दाखवलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसले.

घरी आले, कुलूप उघडलं. आई होती तेव्हा किल्ली पर्समध्ये कुठल्या कप्प्यात असते हेही मला ठाऊक नव्हतं.

८ एप्रिल, मंगळवार

प्राचार्यांनी आणखी एक यादी दिली. सलग तीन वर्षं ज्या वर्गाला दहासुद्धा विद्यार्थी मिळाले नाहीत, तो बंद. त्यात प्रौढ साक्षरता वर्ग आहे — तीन, दोन, चार. सर म्हणाले, आता गरजच उरली नाही कोणाला, चांगलीच गोष्ट आहे. मी मान डोलावली.

बसमध्ये बसल्यावर डोकं चालायला लागलं. गरज उरली नाही? माझी आई शेवटपर्यंत अंगठा लावत होती. तिच्या औषधाच्या बाटल्यांना मी रंगीत दोरे बांधून ठेवायची — लाल सकाळचं, निळा झोपतानाचं. आणि या वर्गाची माहिती मी नऊ वर्षं छापतेय, पण तिला एकदाही म्हटलं नाही की आई, येतेस का. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

९ एप्रिल, बुधवार

तिचा निळा स्वेटर अजून खुंटीवर आहे. काढवत नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

चौदा वर्णनं झाली. नळदुरुस्ती, टंकलेखन, केशकर्तन. आता कशी सुटसुटीत वाटतात.

आज ही वही मागे मागे चाळत बसले. रोज संध्याकाळी मी या टेबलाशी लिहायला बसले की आई समोरच्या खुर्चीत यायची. मटार सोलत, नाहीतर नुसतीच. "काय लिहितेस गं एवढं?" मी म्हणायची, ऑफिसचं. वही कधी लपवली नाही. उघडीच टाकून उठायची. तिला कुठे वाचता येतंय!

म्हणून काय वाट्टेल ते लिहिलंय तिच्याबद्दल. आज आईने डोकं खाल्लं. आज आई तेच ते तीनदा बोलली. आणि गेल्या वर्षीचं १२ जूनचं पान — 'आई आज डबा घेऊन ऑफिसात आली. डबा मी विसरलेच नव्हते! प्रवेशाच्या रांगेपाशी उभी, तो विटका स्वेटर घालून. लाज वाटली. सांगितलं, इथे येत जाऊ नकोस, लोक बघतात. बरं, म्हणाली.'

पान फाडायला हात गेला होता. नाही फाडलं. लिहिलंय तर राहू दे डोळ्यांसमोर.

१२ एप्रिल, शनिवार

खिडकीवाल्या बाईंना विचारलं — बारा वर्षं प्रवेशाच्या खिडकीत बसतायत — साक्षरता वर्गाला कोणी येतच नाही का हो? त्या घुटमळल्या. मग म्हणाल्या, "येतात की, मॅडम. दर जूनला तीस-चाळीस तरी येतात. पण अट क्रमांक सात."

अट सात माझी आहे. 'अर्ज अर्जदाराने स्वतःच्या हस्ताक्षरात भरावा. इतरांनी भरलेला अर्ज बाद समजला जाईल.' एका वर्षी एका एजंटाने सत्तर खोटे अर्ज एकहाती भरून दिले होते, त्याला चाप लावायला मी ती घातली. सरसकट सगळ्या वर्गांना. तेव्हाच्या प्राचार्यांनी पाठ थोपटली होती! ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी लिहायला शिकण्याचा अर्ज स्वतःच्या अक्षरात भरायचा. जे दोन-चार जण आत शिरले ते थोडंफार लिहिता येणारेच.

पोहण्याच्या सरांना हसत होते मी. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसलं, माझ्या डोळ्यातलं मुसळ नऊ वर्षं दिसलं नाही.

बाईंना म्हटलं, मग मला सांगितलं का नाही इतकी वर्षं? त्या म्हणाल्या, एकदा फोटोच्या आकाराबद्दल सुचवलं होतं तेव्हा तुम्ही अर्धा तास बोललात. त्यानंतर कोण सांगणार! खरं आहे. आठवतंय मला.

१५ एप्रिल, मंगळवार

प्राचार्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, समितीपुढे चूक असा शब्द नको, सुधारणा लिहा. आणि आकडे आणा. नुसत्या तोंडी सांगण्यावर समिती वर्ग चालू ठेवणार नाही.

आकडे मिळतील. बाद अर्ज तीन वर्षं जपून ठेवायचे, हाही नियम माझाच. ते खिडकीतूनच परस्पर कपाटात जातात, माझ्या टेबलावर कधी येत नाहीत. बाईंना म्हटलं, उद्या गठ्ठे काढा.

१६ एप्रिल, बुधवार

कसं लिहू.

दोन वर्षांचे गठ्ठे मिळाले. गेल्या वर्षीचा सापडत नाही. मोजायला बसले. अंगठे, अंगठे, अंगठे. स्वयंपाकीण, हमाल, झाडूवाला, कुणाची सासू. पहिल्या गठ्ठ्यात तेविसावा अर्ज — आईचं नाव. पत्ता आमचा. वय सहासष्ट. खाली तिचा अंगठा, नेहमीसारखा थोडा तिरका.

अर्ज वॉचमनच्या अक्षरात भरलेला. गेटच्या नोंदवहीत ते अक्षर मी रोज बघते. 'प्रवेश घेण्याचे कारण' या रकान्यात — 'बसची पाटी वाचता यावी. दरवेळी लोकांना विचारावं लागतं.' वर लाल शाईत: बाद, अट ७.

दुसऱ्या गठ्ठ्यात पुन्हा आई. 'दोरे न बघता औषध घेता यावं.' बाद, अट ७.

मी अर्ज हातातून सोडेना, तशा बाई उठून आल्या. अर्ज पाहून म्हणाल्या, या होय, निळ्या स्वेटरवाल्या आजी, हातात डबा असायचा, तीन वर्षं सलग आल्या. तुमच्या ओळखीच्या का? मी म्हटलं, आई. तिने कधी सांगितलंच नव्हतं की मी मॅडमची आई म्हणून.

मी विचारलं, काय म्हणायची? बाई सांगेनात. मी हट्टच धरला. तेव्हा म्हणाल्या, "पहिल्या वर्षी मी अट वाचून दाखवली, तर विचारलं, ही कुणी केली? म्हटलं, आमच्या मॅडमनी. तर म्हणाल्या, मग विचार करूनच केली असेल. आणि गेल्या."

विचार करून! आई, आई गं.

१७ एप्रिल, गुरुवार

वॉचमनला गाठलं. म्हातारा माणूस, टोपी काढून उभाच राहिला. म्हणाला, अट बदलली असेल म्हणून त्या दरवर्षी नव्याने विचारायला यायच्या. मला सांगायची त्याला सक्त मनाई होती. शिकून झालं की तिच्यासमोर एकदम वाचून दाखवीन, असं म्हणायच्या. मी त्याच्या केबिनमधल्या स्टुलावर बसून रडले. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

मी निघताना तो हळूच म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुम्हालाच नको असेल."

१८ एप्रिल, शुक्रवार

समिती झाली. वर्ग राहिला. दोन वर्षांचे शहात्तर अर्ज टेबलावर ठेवले, आईचे दोन धरून. टिपणात 'सुधारणा' नाही, 'चूक' लिहिलं, आणि खाली माझं नाव. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. अट सात या वर्गापुरती रद्द.

नवं वर्णनही मंजूर झालं. 'वाचता-लिहिता येत नाही? या. अर्ज आम्ही भरून देऊ. वयाची अट नाही. पाट्या, औषधं, पत्रं — जे वाचायचं असेल ते घेऊन या.' सगळे म्हणाले, किती साधं आणि छान. साधं! एवढं साधं लिहायला मला नऊ वर्षं लागली, आणि जिच्यासाठी लिहायचं ती नाही.

घरी आले. कुलूप उघडलं.

१९ एप्रिल, शनिवार

गेल्या वर्षीचा गठ्ठा सापडला. कोऱ्या अर्जांच्या खोक्याखाली होता. बाईंनी आईचा अर्ज पाकिटात घालून दिला, मी वाचेपर्यंत थांबल्या नाहीत. तारीख १२ जून. कारणाच्या रकान्यात वॉचमनने ती बोलली तसंच उतरवलंय — 'माझी मुलगी रोज संध्याकाळी वहीत लिहिते. माझ्याशी फार बोलत नाही, वहीशी बोलते. तिचा दिवस कसा गेला ते मला वाचायचंय.'

आई, ते जूनचं पान तेवढं वाचू नकोस.