साडेचारशे वॅट आणि एक वाटाणा

…आणि सातव्या मिनिटाला तो पुन्हा बंद पडला, तेव्हा स्क्रूड्रायव्हर ठेवून मी पेन उचललं.

तीर्थरूप साडूभाऊंस साष्टांग नमस्कार. (मायना वर हवा होता, पण जीव ठिकाणावर नाही.) तुमची पाठ कशी आहे? आमच्या घरी सर्वांच्या प्रकृती बऱ्या आहेत. मी स्वतः जोडलेल्या संगणकाची नाही.

उद्या सकाळी दहाला छापखान्याच्या व्यवस्थापक बाई येणार, हे तुम्ही जाणताच. शब्दकोशाची तपासायची मुद्रितं आता कागदावर मिळत नाहीत. घरात चालता संगणक दिसला तर काम माझं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं. एकतीस वर्षं लोकांच्या वेलांट्या सरळ केल्यावर ही परीक्षा.

सुटे भाग आणून जोडायची कल्पना माझी, ते मी नाकारत नाही. पण वीजपुरवठ्याचा डबा तुमच्या सल्ल्यानं घेतला. दुकानदार साडेसहाशे वॅटचा घ्या म्हणत होता. तुम्ही वायरमन, म्हणून मी दुकानातूनच फोन लावला. तुम्ही म्हणालात, "साडेचारशे पुष्कळ झाले. घरात काय गिरणी टाकायची आहे?" दुकानदारानं ते ऐकलं आणि तो हसला (तुम्हाला, मला नव्हे, असं मी धरून चालतो).

थंडाव्याचं मात्र मी स्वतः ठरवलं. पाणी खेळवणारा कूलर घरी मंजूर झाला नाही. विजेच्या डब्यात पाणी म्हणजे सुखाचा जीव दुःखात घालणं, असं हिचं मत. म्हणून पंखेवाला घेतला. तो बसवण्याआधी, चिपची धग कूलरला पोचावी म्हणून, चिपवर राखाडी मलम लावायचं असतं. "किती?" विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "वाटाण्याएवढं." मी विचारलं, कोरडा वाटाणा की भिजवलेला? दोहोंत दुपटीचा फरक पडतो. तो म्हणाला, "काका, वाटाणा हो." अशा मोघम भाषेवर हा धंदा चालतो. मी मधला वाटाणा धरला.

आता निदान. पंखा फिरतो. बंद पडल्यावर मी दर वेळी कूलरला हात लावून पाहिला: गार, माठासारखा. म्हणजे थंडावा चोख आहे आणि दोष तुमच्या साडेचारशे वॅटचा आहे. तुम्ही आडमुठे आहात, हे मी आदरपूर्वक नमूद करतो.

आपला,
धाकटा साडू

ता. क. तुमच्या घरच्या संगणकातला साडेसहाशेचा डबा आज संध्याकाळपर्यंत पाठवावा. (तुमच्या घरी साडेसहाशे आणि आम्हाला साडेचारशे, हे ताईंनीच हिला सांगितलं.)

ता. क. २. डबा पाठवू नये. वरचं पत्र हिनं वाचलं. म्हणाली, "खाली जाळ आहे, वरचं भांडं गार आहे आणि तुम्ही त्याला चोख म्हणता? मध्ये काय आहे ते बघा." कूलर काढला. त्याच्या बुडाला पारदर्शक कागद तसाच चिकटलेला होता आणि मलम त्या कागदाला लागलं होतं. कागदावर ठळक अक्षरांत छापलंय: बसवण्यापुर्वी काढा. ते मी बसवताना वाचलं होतं, साडूभाऊ. 'पूर्वी'तला 'पू' ऱ्हस्व छापलाय, म्हणून पेन्सिलीनं समासात खूण केली आणि कूलर बसवला. ती खूण पाहून ही किती वेळ हसत होती, ते लिहीत नाही. कागद काढून नव्यानं मलम लावलं. दोन तास यंत्र चालू आहे. आरोप मागे घेतो. 'आडमुठे' हा शब्द इतर प्रसंगांसाठी राहू द्यावा. ताईंना यातलं काही कळू नये, एवढीच खरी विनंती.

ता. क. ३. सोमवार, सकाळ. ताईंचा फोन आठलाच आला. हिनं कालच कळवलं होतं. बाई दहाला आल्या, यंत्र पाहिलं, 'अ' ते 'औ' देऊन गेल्या. मी शुद्धलेखन बघतोय. अर्थ ही बघते आहे.