दुसरीच्या वर्गातली यादी

इंटरनॅशनल सिटी, दुबई
२७ डिसेंबर २०२५

प्रिय ज्युड,

नाताळच्या शुभेच्छा शिळ्या झाल्यावर पोचतायत, गोड मानून घे. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. थंडी पडली आहे, म्हणजे एसी बंद आणि शेजारी स्वेटर घालून बाल्कनीत मिरवतायत. तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळ म्हटलं होतं. चोळलं नसशीलच.

अँजेलाच्या लग्नाची पत्रिका मोबाइलवर पाहिली. छान आहे. आमंत्रण देणाऱ्यांत माझं नाव सगळ्यात वर घातलंस, ते वाचून मला जेवण गेलं नाही. दहा जानेवारीला मी येतेच आहे, तिकीट काढून झालं. पण परवा फोनवर तू म्हणालास, "पर्सीला बोलावणार नाही. माझी नोकरी खाल्ली त्याने, आणि मी त्याला मुलीच्या लग्नात जेवायला घालू?" अरे, पर्सी तिचा धर्मपिता आहे. बाप्तिस्म्याला तोच तिला हातात घेऊन उभा होता. तेव्हा मी हं हं केलं आणि पापलेटच्या भावाकडे वळले. म्हणून पत्र लिहितेय. पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही.

पण आधी नाताळचं सांगते.

आमच्या मालकांची आई, ओनाबाई, दर हिवाळ्यात लिथुएनियाहून इथे येते. तो देश रशियाला लागून आहे, आपल्या एका जिल्ह्याएवढी वस्ती. पन्नास वर्षं रशियाच्या टाचेखाली होता, नव्वदच्या सुमारास सुटला. म्हातारी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पूर्वीची शाळामास्तरीण. ती कॅथलिक आणि मीही कॅथलिक, म्हणून तिला रविवारी जेबेल अलीच्या चर्चला न्यायचं काम ऑफिसने माझ्या गळ्यात टाकलं आहे. तक्रार नाही. मोडक्या इंग्रजीत आमचं दोघींचं छान जमतं, कारण दोघींनाही दुसऱ्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवायला आवडतं.

यंदा तिला चोवीस तारखेचं जेवण त्यांच्या पद्धतीने करायचं होतं. बारा पदार्थ, मांस अजिबात नाही. खारवलेला हेरिंग मासा, बीटचं सार, आणि इवली इवली कडक बिस्किटं, खसखशीच्या दुधात बुडवून खायची. खसखस म्हटल्यावर मी हातच जोडले. म्हटलं, "ओनाबाई, इथे खसखशीपायी माणसं तुरुंगात जातात. खलास! नाव काढू नका." ती खो खो हसली. म्हणाली, "लहानपणी चर्चला बंदी होती, आता खसखशीला. मला बंदीशिवायचा नाताळ काही मिळत नाही." मग बदामाचं दूध केलं. टेबलक्लॉथखाली वाळलं गवत पसरायचं असतं, येशू गोठ्यात जन्मला म्हणून. ते मी ड्रॅगन मार्टमध्ये सशांच्या खाद्याच्या दुकानातून आणलं. पाकिटावर सशाचं चित्र होतं, ते तिने कापून ठेवलं.

टेबलावर एक ताट रिकामं मांडतात, घरातल्या गेलेल्या माणसासाठी. तिने दोन मांडली. एक वडिलांचं. रशियन लोकांनी त्यांना सैबेरियात लाकूड तोडायला नेलं होतं, ते तिकडेच गेले. दुसरं कोणाचं, मी विचारलं.

"माझ्या भावाचं. योनासचं," ती म्हणाली, आणि बदाम सोलता सोलता सगळं सांगितलं. सूर अगदी बाजाराची यादी सांगावी तसा.

तिच्या तरुणपणी तिकडे नाताळला सुट्टी नव्हती. पंचवीस तारखेला शाळा भरायची. लोक आदल्या संध्याकाळी पडदे ओढून घेऊन जेवायचे आणि पोरांना पढवून ठेवायचे, शाळेत विचारलं तर बटाटे खाल्ले म्हणून सांगायचं. कारण शाळेत खरंच विचारायचे. बाईंनाच विचारायला लावायचे, आणि यादी करून वर द्यायची. ओना दुसरीच्या वर्गाला शिकवायची. त्या वर्षी तपासनीस मागच्या बाकावर येऊन बसला. तिने विचारलं, काल काय जेवलात? बटाटे, बटाटे, बटाटे. मग उठली रुता, योनासची मुलगी, हिची सख्खी भाची. विचारणारी आपली आत्याच, तिच्याशी कशाला खोटं बोलायचं? पोरीने बाराच्या बारा पदार्थ बोटांवर मोजून सांगितले. वर सांगितलं, "आणि सैबेरियातल्या आजोबांचं ताटपण होतं. आत्या, तूच नाही का त्याच्यापुढे मेणबत्ती लावलीस!"

बघ ना ज्युड. सगळ्या वर्गाने आपल्या बाईंना फसवलं, आणि जिचा बाईंवर विश्वास होता तीच सापडली. ओनाने कसंबसं हसून सांगितलं, पोरगी गोष्टी रचते. स्वतःची मान सोडवली आणि यादीत एकच नाव लिहिलं, रुताचं.

योनास डॉक्टर होता, कौनास नावाच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात. महिन्याभरात त्याला एका खेड्यातल्या दवाखान्यात धाडलं. वर्गात काय घडलं ते आठ वर्षांच्या पोरीला धड सांगता आलं नाही. त्याने शेजारणीवर संशय घेतला आणि तिच्याशी बोलणं टाकलं. ती बिचारी तशीच मेली. ओना गप्प राहिली. एकोणनव्वद साली तिकडच्या तीन देशांतले लाखो लोक रस्त्यावर हातात हात धरून उभे राहिले, स्वातंत्र्य मागायला. तिचा हात योनासच्या हातात होता. तेव्हा सांगायचं म्हणून तोंड उघडलं, आणि विचारलं काय, तर पाणी आणलंयस का.

पुढे देश सुटला, जुन्या फायली लोकांना पाहायला मिळू लागल्या. योनासने आपली मागवली. बहिणीचं अक्षर त्याला पाठच होतं. तो कागदाची प्रत घेऊन आला, तिच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेला. नंतर अकरा वर्षं जगला, पण तिच्या दारी फिरकला नाही.

मी विचारलं, तुम्हाला माफ नाही केलं? ती म्हणाली, "यादीचं तो समजला असता, तो जमाना त्यानेही पाहिला होता. पण सोळा वर्षं मी त्याच्याबरोबर त्या शेजारणीला शिव्या दिल्या ना."

मला पुढे बदाम सोलवेनात.

ज्युड, आता ऐक. इथे आमच्या कंपनीत ड्रायव्हर होतास तेव्हा तू सकाळी कंपनीच्या व्हॅनमधून भाडं घेऊन बाहेरची माणसं सोडायचास. मी तुला तीनदा बजावलं होतं, आणि तू "बाय, घाबरू नकोस, कोण बघतंय" म्हणून हसायचास. नवा मॅनेजर आला, त्याने अ‍ॅडमिनला एक कागद दिला. कुठली गाडी, कोण चालवतं, बाहेरची माणसं बसतात का, खाली सही. अ‍ॅडमिन म्हणजे मी. तो कागद मी भरला. तुझं नाव माझ्या अक्षरात आहे.

मला वाटलं, वॉर्निंग लेटरवर भागेल. हेही खरं की मी घाबरले होते. आमच्या घरात तेव्हा माझी एकटीचीच नोकरी होती, सगळ्यांचे व्हिसा माझ्यावर. आणि थोडा रागही होता रे तुझा, तीनदा सांगून हसलास त्याचा. तोही लिहिते, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. तुझा व्हिसा रद्द झाला तेव्हा मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले आणि बाहेर येऊन तुझी बॅग भरायला बसले. तूच म्हणालास, पर्सीनेच केलं, व्हॅनचं त्यालाच ठाऊक होतं. मी म्हटलं, "असेल बाबा, कोणाचा भरवसा धरावा हल्ली?" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे दोर चोरानेच वळला.

पर्सीला सगळं माहीत आहे. मी कागद ट्रेमध्ये ठेवताना तो त्याच्या स्टोअर खात्याची बिलं घेऊन बाजूलाच उभा होता. तू गेल्यावर मी त्याला म्हटलं, मी ज्युडला सांगते. तो म्हणाला, "नको बाय. घरात बहिणीवरचा विश्वास गेला तर तो कुठे जाईल? माझ्यावर चिडलेला बरा." मीही ते सोयीचं म्हणून धरून ठेवलं. सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत तू टेम्पो चालवून गुडघा घालवलास, आणि दर सुट्टीत पर्सी तुझ्या घरावरून मान खाली घालून जातो. अँजेलाने एकदा त्याला हात केला तर तू तिला आत ओढलंस. तूच मला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतंस.

माफी मागते. नुसत्या शब्दाने काय होणार, ठाऊक आहे. पत्रिकेतून माझं नाव काढायचं तर काढ, लग्नाला येऊ नकोस म्हणालास तर तिकीट रद्द करीन. ते तुझ्या हातात आहे. पण पर्सीचं तू ठरवायचं नाही, ते मी इथूनच ठरवलं आहे. तो सोमवारी इथून सुट्टीवर गावी निघतोय, हे पत्र त्याच्याकडेच देतेय. आत काय आहे ते त्याला ठाऊक नाही. "ज्युड दार लावून घेईल," म्हणत होता. मी सांगितलं, पाकीट अँजेलाच्या हाती दे आणि ज्युड शेवटपर्यंत वाचेस्तोवर अंगणातून हलू नकोस.

म्हणजे आत्ता तो बाहेर उन्हात उभा आहे, ज्युड. माझ्यावर मागून चिडशील. आधी जा आणि त्याला आत घे.

तो कागद लिहिणारी,
तुझी बाय,
अ‍ॅग्नेस