साध्या दिवसाची होडी

वुनीनिऊ, रविवार दुपार

प्रिय मानोआ,

हे पत्र हातात पडलं की एका बाजूला जा आणि एकट्याने वाच. पोस्टाने पाठवत नाही, आपल्या गावच्या लोसालिनीच्या हाती देतो आहे. ती उद्या सकाळच्या बोटीने सुवाला जाईल, मंगळवारचं विमान धरेल आणि बुधवारी तुमच्या फळबागेवर स्वयंपाकाला रुजू होईल. पत्र भिजू देऊ नकोस, कुणाला दाखवू नकोस, तुझ्याच हातात दे, असं मी तिला तीनदा बजावलं. चौथ्यांदा सांगायला गेलो तर म्हणाली, "काका, पत्र आहे की अंडं? उबवत बसू का मी?" सगळे हसले. मीही हसलो. हसावंच लागतं.

मी पाचवीपर्यंत शिकलेला माणूस, तुझ्यासारखं नीट लिहिता येत नाही. इकडचं तिकडे होईल, सांभाळून घे. इथे सगळे बरे आहेत. नीरफणस यंदा भरपूर लागला. तुझी काकू सलोते, तिचा गुडघा दुखतो, पण तोंडाला काही झालेलं नाही. आमची नात वासिती आता नऊ वर्षांची झाली, पुढचे दोन दात मोठे आले आहेत, दिवसभर पाण्यात असते. तिची आई सुवात शाळेवर शिकवते, पोरगी आमच्या भरवशावर इथे ठेवली आहे. हा भरवसा छातीवर दगडासारखा वाटतो बघ. तुझे वडील तब्येतीने धट्टेकट्टे आहेत. त्यांच्याबद्दल पुढे लिहितो.

आपल्या गावच्या साध्या दिवसाबद्दल तू फोनवर ऐकलं असशील, पण वरवर. गेल्या वर्षी चक्रीवादळात टॉवर पडला तेव्हा अकरा दिवस फोन नव्हते, आणि इंजिनाला तेलही नव्हतं. मी त्या अकरा दिवसांत अर्धा झालो, पण गावाला ते दिवस फार गोड लागले. माणसं एकमेकांच्या पायरीवर बसायला लागली, पोरं गाणी शिकली. मग सरपंच जोसायाने सभेत मांडलं की दर महिन्याचा पहिला शनिवार आजोबा-पणजोबांसारखा जगायचा. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत लाकडी ढोल वाजतो, घराघरातून फोन येतात, ते केवड्याच्या पातीच्या टोपलीत घालून टोपली चर्चमध्ये ठेवतात. होड्यांची इंजिनं उतरवून एका खोलीत बंद. डब्यातले मासे नाहीत, साखर नाही, लिंबाच्या पातीचा चहा, जमिनीत पुरून भाजलेला कसावा आणि अळकुड्या. रविवारी प्रार्थनेनंतर टोपली परत उघडायची. खोटं कशाला बोलू, चांगला दिवस असतो. दुसऱ्याच महिन्यात मी गोधडीखाली छोटा रेडिओ लावून हवामान ऐकताना सापडलो आणि शिक्षा म्हणून शाळेच्या मैदानाचं गवत कापलं, तरी म्हणतो, चांगला दिवस असतो. मला एवढंच वाटायचं की त्या दिवशी काही झालं तर हाक मारायची कुणाला?

आता येत्या शनिवारी तुझे वडील सिरेली त्यांची शिडाची होडी घेऊन खडकांच्या रांगेबाहेर, पलीकडच्या रिकाम्या बेटावर जाणार आहेत. जायचं, नारळ खायचे, भरती ओसरायच्या आत परत यायचं. सोबत सहा मुलं. वासिती त्यांतली एक. मागून इंजिनाची होडी जाणार नाही, कारण मग तो साधा दिवस कसला, असं सभेत ठरलं आहे. होडी फार सुरेख झाली आहे, मानोआ. एक अख्खं झाड, एका बाजूला तोल धरणारं आडवं लाकूड, उलांडी, आणि केवड्याचं शीड. आपल्या भागात अशी होडी बांधणारा तुझ्या बापाशिवाय एकही उरलेला नाही, हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोललो नाही आणि बोलू शकणारही नाही.

लहानपणी तू एकदा रडत माझ्याकडे आला होतास. मी तुझ्या बापाला सगळ्यांदेखत "कुजका खेकडा" म्हटलं म्हणून. तेव्हा मी तुला मांडीवर घेऊन सांगितलं होतं की तुझा बाप कोरोमाथा बेटाचा, मी या बेटाचा, आणि या दोन बेटांचे पूर्वज भाऊभाऊ, म्हणून आम्ही एकमेकांचे ताउवु. आमचं नातं थट्टेचं. त्याने मला काहीही म्हणावं, मी त्याला काहीही म्हणावं, त्याने माझं डुक्कर पळवून भाजून खावं, वर मलाच जेवायला बोलवावं. रागवायचं नाही, मनाला लावून घ्यायचं नाही. तुझी आई या गावची म्हणून तो इथे राहायला आला, त्याला चाळीस वर्षं झाली. चाळीस वर्षांत आम्ही एकमेकांशी सरळ वाक्य बोललेलो नाही. तुझ्या आईच्या मयताला मी त्याला म्हटलं होतं, "बरं झालं सुटली, तुझं घोरणं ऐकून ऐकून थकली होती," आणि तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसला आणि मग रडला. हे तुला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण पुढचं त्यावाचून कळायचं नाही.

मागच्या साध्या दिवशी होडी पहिल्यांदा पाण्यात उतरवली. खडकांच्या आतल्या शांत पाण्यात एक फेरी. गाव किनाऱ्यावर जमलं होतं. सिरेली म्हणाला, "या घाबरट कोंबड्याला पुढे बसवा, बुडालो तर आधी तो ओरडेल, म्हणजे आपल्याला कळेल." मी पुढे बसलो. वारा बरा होता. समोर माझं मासे धरायचं कुंपण होतं, पन्नास खुंट, पाण्याबाहेर पुरुषभर उंच, लहान मुलालासुद्धा दिसतील असे. होडी सरळ त्यावर चालली होती. मी ओरडलो, "उजवीकडे! अरे उजवीकडे घे!" तो मागून गाऊ लागला, "ऐका हो, कोंबडा आरवला, उठा आता!" किनाऱ्यावर हशा. मी पुन्हा ओरडलो. होडी कुंपणात घुसली, सतरा खुंट मोडले, वर्षाची मेहनत गेली. आणि गावाने काय केलं सांगू? टाळ्या वाजवल्या. जोसाया तर वाळूत लोळायचाच बाकी होता. ताउवुने ताउवुचं कुंपण मोडलं, यापेक्षा झकास थट्टा वर्षात झाली नाही म्हणे. बायकांनी त्याच्या गळ्यात फुलं घातली. मी वळून त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो हसत होता, पण होडी कशावर आदळली ते हाताने चाचपून बघत होता.

मला माहीत होतं. पावसाळ्याआधीपासून माहीत होतं. एका सकाळी मी होडीच्या छपराखाली गेलो तेव्हा तो लाकूड तासत होता आणि अंगठ्यातून रक्त वाहत होतं. त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. मी काहीतरी लागट बोललो, त्याने हत्यार खाली ठेवलं. मग म्हणाला, "मधोमध धूर आहे रे. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. मी बोटांनी तासतोय." पुढे म्हणाला, "ही होडी पाण्यात जाईपर्यंत कुणाला सांगू नकोस. मानोआला तर नाहीच. तो काम सोडून येईल." मी शब्द दिला. म्हटलं होडी तर होऊ दे, चालवायला दुसरा कुणी शिकेल. पण दुसऱ्याला त्याने वल्ह्याला हात लावू दिला नाही. म्हणतो, "पाणी मांडीला कळतं, लाट कानाला कळते, डोळे हवेत कशाला?" खरंही आहे ते. खडकांच्या रांगेतून बाहेर पडायचं तोंड त्याला पाठ आहे, झोपेत होडी बाहेर काढेल. पण मानोआ, ते तोंड आता तसं राहिलेलं नाही. वादळाने खोल समुद्रातला एक खडक उचलून बरोबर मधोमध आणून टाकला आहे, घराएवढा. भरतीच्या वेळी त्याच्यावर हातभर पाणी असतं, लाट फुटत नाही, आवाज होत नाही. नुसता पाण्याचा रंग हिरवट होतो. तो हिरवा रंग बघून आपले लोक इंजिनाची होडी वळवतात. मी सिरेलीला सांगितलं तर म्हणाला, "कासव बघून घाबरला असशील." इतरांनीही त्याला खडक असल्याचं सांगितलं, तो "माहीत आहे, माहीत आहे" म्हणाला, आणि सगळे निश्चिंत झाले. कारण त्याला रंग दिसत नाही हे कुणालाच ठाऊक नाही.

मग मी गेल्या बुधवारच्या सभेत उभा राहिलो. दिलेला शब्द होडी पाण्यात जाईपर्यंतचा होता, आणि ती तर गेली होती. यांगोनाच्या मुळ्या कुटून केलेल्या पेयाची वाटी फिरत होती. मी म्हटलं, "सिरेलीला दिसत नाही. तो आंधळा होत चालला आहे. त्याच्या हाती मुलं देऊ नका." तेवढ्यात तुझा बाप संथपणे म्हणाला, "खरं बोलतोय तो. दिसत असतं तर याचं थोबाड बघत चाळीस वर्षं जगलो असतो का?" छप्पर उडेल असं हसले सगळे. मी म्हटलं थट्टा नाही, शपथ घेतो. तर आणखी हसले. मी रागावलो, डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा जोसाया पोट धरून म्हणाला, "अपेनिसाकाका, यंदाचं बक्षीस तुम्हाला! कुंपणाचा बदला काय घेतलात!" दुसऱ्या दिवशी जोसायाच्या घरी एकटा गेलो. त्याने आदराने बसवलं, चहा दिला, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, सभेत हरलात ते हरलात, आता घरोघर फिरू नका." सलोते म्हणते, "तुम्हाला पोरगी चिंचेवर चढली तरी भीती वाटते." वासितीच्या आईला फोन केला. तिने अर्धं ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, विहिरीवर झाकण दोनदा ठेवता ना अजून?" आयुष्यभर उगाच घाबरत आलो, त्याची ही शिक्षा.

वासितीला मी घरात कोंडून ठेवू शकतो. रडेल, रुसेल, पण वाचेल. मग बाकीची पाच? त्यांच्या आजोबांबरोबर मी शाळेत बसलो आहे. शिवाय कोंडायचीही सोय नाही, ती खिडकीतून जाईल. काल संध्याकाळी किनाऱ्यावर ती सहाही जणं ओळीत बसून शीड ओढायचा सराव करत होती आणि तुझा बाप त्यांना शिकवत होता. "पुढच्याने खडक सांगायचा, मागच्याने ऐकायचं," असं तो म्हणत होता. वासितीने विचारलं, "आजोबा, हिरवं पाणी दिसलं की सांगू?" तो म्हणाला, "तू काळजी करू नकोस, मला तुझ्याआधी दिसेल." हे त्याने हसून म्हटलं नाही. पोरांसमोर त्याला आंधळं व्हायचं नाही, एवढंच. मला त्याच्यावर राग धरता येत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, असं सारखं वाटतं.

परवा मी तुलाही फोन केला होता. तुला आठवत असेल. मी म्हटलं, "तुझ्या बापाचे डोळे गेले," आणि तू लगेच म्हणालास, "आणि तुमची अक्कल, काका?" आणि हसून फोन ठेवलास, तिकडे कामाची वेळ झाली होती. तुझा दोष नाही. माझ्या आवाजात तुम्ही सगळ्यांनी थट्टाच ऐकली आहे. म्हणून हा कागद. कुणी ताउवु ताउवुबद्दल पत्र लिहीत नाही, तेव्हा हे लिहिलेलं तरी तू खरं मानशील. तू त्याचा मुलगा आहेस, आणि मुलगा बापाबद्दल असली थट्टा करत नाही हे जोसायाला ठाऊक आहे. तू एक शब्द बोललास तर तो मुलांना उतरवेल. पण शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत बोल. त्यानंतर जोसायाचा फोन टोपलीत असेल आणि तू कितीही वेळा लावलास तरी इथे कुणाला कळणार नाही. तू बोललास तर तुझा बाप मला यापुढे कधी शिवी देणार नाही. भेटला की परक्यासारखा वाकून नमस्कार करेल, यांगोनाची पहिली वाटी मला देईल, माझं डुक्कर माझ्या गोठ्यात सुखरूप राहील. मी ते सोसेन. नाही बोललास, तर होडीतलं पाणी उपसायला एक माणूस लागतो, ती जागा मी मागून घेतली आहे. खडक मला दिसेल. मी ओरडेनही. पण त्या वेळी सहा मुलं हसत असतील, आणि हसण्यात तुझ्या बापाचा आवाज सगळ्यांत मोठा असेल.

वाट बघतो आहे.

तुझाच, या एका कागदापुरता खराखुरा काका,
अपेनिसा