चार की अकरा

७ फेब्रुवारी

कोंबडीची बारा पिल्लं आली! खोक्यात, भुशावर, एका दिवसाची. सगळी एकसारखी तपकिरी, पाठीवर काळा पट्टा.

या जुन्या जातीच्या आता संवर्धन केंद्रातल्या दोनच जोड्या उरल्यात. एक ते सहा नंबरची पिल्लं एका जोडीची, सात ते बारा दुसऱ्या जोडीची. प्रत्येकाच्या पायात नंबराचं प्लास्टिकचं कडं. केंद्राच्या डॉक्टरबाईंनी तीनदा बजावलं – ‘नंबर म्हणजे यांचं कूळ. पुढे चुकून भावाबहिणींची जोडी लावली की जात बिघडली.’ दोन महिने घरी वाढवायची, माणसाळवायची, मग परत द्यायची. त्यांची अट एकच – घरात रोज लिहिणारं माणूस हवं. अर्जावर सही माझी. आमच्या घरात सही करणारी मी एकटीच.

बाबा कामावरून आले, हातापायांना सिमेंट तसंच. खोक्यात डोकावून म्हणाले, ‘आम्हाला कुणी शाळेत घातलं नाही, आणि कोंबड्यांना हजेरी नंबर!’

सातचं एक नख तुटलंय, रक्त आलं होतं. औषध लावलं. वहीत लिहिलं.

८ फेब्रुवारी

उबेचा बल्ब जवळ केला की पिल्लं पांगतात, लांब केला की एकमेकांवर चढतात. दिवसभर वरखाली. आई म्हणाली, ‘पोरी, त्यांना राहू दे. तूच आधी बस.’

१५ फेब्रुवारी

माणसाळवायची रीत अशी – वरून हात न्यायचा नाही. वरून येते ती घार. हात बाजूने, जमिनीलगत, तळव्यावर भरडलेले दाणे, आणि हलायचं नाही. दहा मिनिटं.

आज दोन नंबर आला. एक दाणा उचलला, पळाला, परत आला. मला रडूच आलं. काय हे!

२ मार्च

नऊ पिल्लं हातावर येतात. एक नंबर डाव्याच खांद्यावर बसतो. पाच नंबर माझी वेणी ओढते. नऊ नंबर तळव्यात चक्क झोपते. चार, सात आणि अकरा मात्र कोपऱ्यातून हलत नाहीत. माझं काय चुकतंय? केंद्राने दिलेली पुस्तिका पुन्हा वाचली.

आई भाजी निवडायला त्याच कोपऱ्यात बसते. तिने विचारलं, ‘वहीत एवढं काय लिहितेस गं?’ मी म्हटलं, ‘तुला नाही कळायचं.’ ती भाजी निवडत राहिली.

१४ मार्च

कड्यांखाली घाण साचते, ती उकळत्या पाण्याने धुवावीत, असं पुस्तिकेत आहे. मी विचार केला, एकेक करून धुतलं तर धुतलेल्या पिल्लाला न धुतलेल्याची घाण पुन्हा लागेल. म्हणून बाराच्या बारा कडी एकदम काढली. पातेल्यात उकळली. स्वच्छ फडक्यावर ओळीने मांडली. एक ते बारा. किती नीट दिसत होती!

मग पिल्लांकडे पाहिलं. ती काही ओळीत उभी नव्हती.

१४ मार्च, संध्याकाळ

नऊ पिल्लांचे नंबर सापडले. खांदा, वेणी, तळवा – आपापल्या खोडीनेच त्यांनी ओळख दिली. तीन उरली. तीच, कोपऱ्यातली. वजनं पाहिली, दोन-चार ग्रॅमचा फरक. त्यावरून काय ठरवणार?

आई म्हणाली, ‘अगं, ही तर पहिल्या दिवशी नख तुटलेली. बघ, वाकडं उगवलंय.’ वही काढली – सात! देवा.

‘आणि ही दोन?’

‘हा भित्रा, ही तापट. मी दोघांना झोपेतही ओळखेन.’

‘पण चार कुठला नि अकरा कुठला?’

‘ते मला कसं कळणार? ते तुझ्या वहीत.’

ती त्यांना ओळखते, मी नंबर ओळखते. मी तिला एकदाही आकडे दाखवले नाहीत.

२० मार्च

बाबा म्हणाले, ‘दे ठोकून. पन्नास टक्के तर बरोबरच येईल. गवंडीकामात याहून वाईट चालतं.’

पेन्सिलीने चार लिहिलं. खोडलं. कागद तिथे विरला.

न सांगितलं तर कुणाला कळणार नाही. सांगितलं तर डॉक्टरबाई म्हणतील, म्हणूनच अशा घरांत देत नाही. अशा घरांत! असं त्या कधी बोलल्याही नाहीत. मीच बोलतेय.

७ एप्रिल

डॉक्टरबाई आल्या. मी चहाच्या आधीच सगळं सांगितलं, नाहीतर धीर सुटला असता.

बराच वेळ त्या वही चाळत राहिल्या. म्हणाल्या, ‘इतर घरांत कधी असं झालं नाही.’ दारामागून बाबा पुटपुटले, ‘झालं नाही की सांगितलं नाही?’ बाईंनी ऐकलं असणार.

दहा घेऊन गेल्या. ‘या दोघांच्या नावावर आता काहीच लिहिता यायचं नाही. घरीच ठेवा.’ दहाही जण, आता धीट झालेली सातसुद्धा, आपणहून त्यांच्या हातावर चढले. ‘छान माणसाळवलीत,’ एवढं म्हणाल्या.

खोकं रिकामं. दोघं अजून कोपऱ्यात.

१२ एप्रिल

पुढच्या वेळी आम्हाला पिल्लं मिळणार नाहीत. कळवलेलं नाही, पण मला कळतं ना.

आईला आकडे शिकवायला घेतलेत. सातपर्यंत आली. ‘चारचं तोंड कुठे असतं गं?’ विचारते.

२३ एप्रिल

भित्र्याचा तुरा लाल होऊ लागलाय, म्हणजे तो कोंबडा. तापट ती कोंबडी. आज दोघं आईच्या पदरावर बसली होती. मी बाजूने हात नेला. दोघंही उठून गेली.

२ मे

डॉक्टरबाईंचा फोन. केंद्रात रोग शिरला. तिथली आणि घराघरांतून परत आलेली, सगळीच पाखरं मारावी लागली.

‘तुमच्याकडची दोन आहेत ना?’

‘आहेत. एक कोंबडा, एक कोंबडी. पण नंबर –’

‘ते राहू दे. दोघं वेगवेगळ्या जोड्यांची, एवढं नक्की?’

चार आणि अकरा. कुठलाही कुठला असला तरी. ‘नक्की.’

‘मग जोडी लावायला पुरे. उद्या येते. तोवर कुणाला आत येऊ देऊ नका.’

आईने दार लावून घेतलं. मी बसून आहे. त्या दहांना माणसाच्या हाताला भ्यायचं नाही, हे मी शिकवलं होतं.