उदाहरणादाखल दिलेल्या पुस्तकाबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली ग्रंथपाल, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र करीत आहे. मी सांगते आणि माझी भाची टाइप करते. जिला मिळकत मिळायची तिनेच टाइप करू नये, असे वकिलांचे म्हणणे पडले. पण घरात टाइप येते ते तिला एकटीला, त्याला मी काय करणार? यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व गॅलरी, भाचीला द्यावे. माझी बहीण गेल्यापासून ती माझ्याकडेच वाढली. घराबाबत एक अट आहे, ती कलम ५ मध्ये येईल. (भाची म्हणते, "आधी सांग ना." सांगणार नाही. क्रमाने वाचायची सवय असावी.)

कलम २. बँकेत जे असेल ते धाकट्या भावाला. मात्र त्याने माझा शब्दकोश नेला त्याला एकोणीस वर्षे झाली. शब्दकोश परत आल्याखेरीज काही देऊ नये.

कलम ३. छत्तीस खणांचे लाकडी कपाट, आतल्या पुस्तकसूचीच्या कार्डांसकट, कॉलेजच्या ग्रंथालयाला. कॉम्प्युटर आल्यावर कॉलेजने ते भंगारात काढले, तेव्हा मी हातगाडीवर घालून घरी आणले. आता ते परत न्यावे. जिन्यातून उतरवताना प्राचार्यांनी स्वतः एक टोक धरावे.

कलम ४. हे कलम म्हणजे कबुली आहे. तेवीस वर्षांपूर्वी मी 'संदर्भ कसे द्यावेत' ही आठ पानी पुस्तिका काढली. ती प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मिळे. नमुन्यादाखल एका पुस्तकाची नोंद हवी होती. कोणाचे खरे पुस्तक घेतले असते तर बाकीचे प्राध्यापक रुसले असते, म्हणून मी एक मनानेच रचले: 'जुन्या पुलांचा सामाजिक इतिहास', दुसरी आवृत्ती. लेखक म्हणून आमच्या इस्त्रीवाल्याचे नाव घातले. 'हे पुस्तक काल्पनिक आहे' एवढी ओळ छापायची राहून गेली.

पहिल्या वर्षी चार विद्यार्थ्यांनी ती नोंद आपल्या संदर्भसूचीत जशीच्या तशी उतरवली. मी हसले. तेव्हाच बोलायला हवे होते. पुढे इतिहासाच्या विभागप्रमुखांनी आपल्या ग्रंथात त्या पुस्तकाच्या पान ११२ चा आधार घेतला आणि तळटीपेत 'लेखकाशी झालेली प्रत्यक्ष चर्चा' असेही लिहिले. इस्त्रीवाल्याशी त्यांची चर्चा झाली असेलही, पण ती जळलेल्या शर्टाबद्दल. त्यानंतर माझी जीभ उचलेना. पुरावा दाखवा म्हणून पोरांवर ओरडणारी बाईच थाप मारून बसली, हे कोणत्या तोंडाने सांगणार? आजवर एकतीस प्रबंधांत ते पुस्तक शिरले आहे. मला याची फार लाज वाटते.

कलम ५. भाचीचा प्रबंध जुन्या पुलांवरच आहे आणि मार्गदर्शक हेच विभागप्रमुख. वीस दिवसांत तो सादर करायचा आहे. तिने तो मला दाखवला नाही, मीही भीतीने मागितला नाही. त्यात ते पुस्तक असणारच. ते तिने काढावे, पदवी लांबली तरी चालेल, मगच घर तिच्या नावावर व्हावे.

येथे टाइप करणे थांबले. पुढचे बोलणे जसेच्या तसे घालावे असा माझा आग्रह आहे.

"मावशी, ते पुस्तक माझ्या प्रबंधात नाहीच."

"सरांनी घ्यायला नाही सांगितलं?"

"तीनदा सांगितलं. मी सात ग्रंथालयं पालथी घातली. मग लेखकाचं नाव नीट वाचलं आणि सरळ इस्त्रीवाल्या काकांना जाऊन विचारलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, दुसरी आवृत्ती? मग पहिली कधी निघाली?"

"अगं, मग मला का नाही विचारलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं. तीन वर्षं वाट बघतेय, तू आपणहून सांगशील म्हणून. आणि ते पुस्तक घातल्याशिवाय सर प्रबंधावर सही करायला तयार नाहीत."

मी रडले. हे टाइप करू नकोस म्हटले, तरी तिने केले.

कलम ६. कलम ५ रद्द. घर विनाअट भाचीचे. कलम ४ मात्र माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजपासूनच लागू समजावे. त्याची प्रत माझ्या सहीनिशी ग्रंथालयाच्या सूचनाफलकावर लावावी आणि एकतीस जणांना मी स्वतः पत्रे लिहीन.

साक्षीदार म्हणून मी विभागप्रमुखांनाच बोलावले होते, कारण ते न वाचता सही करतात. आले, आणि कुठे सही करू म्हणाले. मी म्हटले, आधी वाचा. तळटीपेच्या ओळीपाशी त्यांनी पाणी मागितले. पेला खाली ठेवून म्हणाले, "बाई, मीही तुमच्या पुस्तिकेतूनच उचललं होतं."

"ठाऊक आहे," मी म्हटले. "आता दोघंही सांगू."

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, सायंकाळी पाच
मृत्युपत्र करणारीची सही

साक्षीदार १: ग्रंथालयाचा शिपाई (चष्मा घरी राहिल्याने सर्व मजकूर ऐकून सही केली.)

साक्षीदार २: विभागप्रमुख, इतिहास (सर्व मजकूर वाचून सही केली. कलम ४ दोनदा वाचले. नंतर कोणी न सांगता भाचीचा प्रबंध मागून घेतला, तोही वाचला आणि त्यावरही सही केली.)