बर्फात रुंद, चिखलात अरुंद

२ मार्च, सोमवार
आजपासून कामाला शिस्त. दाजींची क्वाड बाइक सकाळीच शेडमध्ये आणली. ओदिलों दाजी म्हणजे माझ्या जिस्लेनताईचे यजमान. दोघांचं मेपलचं रान आहे. रस सुटला की झाडाझाडाच्या बादल्यांतला रस याच गाडीवरच्या टाकीतून साखरघरात येतो, तिथे त्याचा पाक होतो. चाकं काढून माझे रबरी पट्टे बसवणार. हँडलजवळचा दांडा ओढला की पट्टा बर्फात रुंद, ढकलला की चिखलात अरुंद. मार्चमध्ये सकाळी बर्फ आणि दुपारी चिखल. हे आजवर कुणाला सुचलं कसं नाही? दाजींना म्हटलं, दोन दिवसांत देतो.

३ मार्च
चाकांचे जुने बोल्ट आड येत होते. कापले. दाजींना विचारायला फोन करणार होतो, पण ते जेवत असतील. योग्य वेळी सांगेन.

६ मार्च
शेडमध्ये चाचणी. यशस्वी! दांडा ओढला, पट्ट्यांचे पंख उघडले. ढकलला, मिटले. गाडी चालवली नाही, पण चालली असती.

१० मार्च
ताईचा फोन. हवा फिरलीय, रस कधीही सुटेल, गाडी कुठाय? दाजींच्या गुडघ्याचं हिवाळ्यातच ऑपरेशन झालंय हेही सांगितलं, जसं काही मला माहीतच नाही. म्हटलं, एक स्प्रिंग मॉन्ट्रियलहून यायचीय. मॉन्ट्रियलहून काहीच यायचं नाहीये. पण मागवली असती तर तिथूनच आली असती, त्यामुळे अगदीच खोटं नाही.

१३ मार्च
रस सुटला. शेतात चाचणी. बर्फात गाडी झकास. चिखल लागल्यावर दांडा ढकलला. डावा पट्टा मिटला, उजवा उघडाच. गाडी गोल गोल फिरू लागली. पण दर वेळी अगदी एकाच मापाचा गोल. बांधणी भक्कम आहे.
येताना रस्त्यावरून दिसलं, ताई एकटीच दोन्ही हातांत बादल्या घेऊन मांडीभर बर्फातून चाललीय. थांबणार होतो. विचारात होतो, म्हणून गाडी पुढे गेली.

१५ मार्च, रविवार
साखरघरात जेवण. बोल्टांचं सांगायचंच, असं ठरवून गेलो. वाटाण्याचं सूप, हॅम, पाकातली अंडी. ताईच्या तळहातांवर फोड. म्हणाली, "कालचा अर्धा रस बादल्यांवरून वाहून गेला रे. मी एकटी किती पळू?" दाजी उलट तिलाच म्हणाले, "त्याच्या मागे लागू नकोस गं. डोक्याचं काम आहे ते, घाईनं होत नाही." आणि माझ्या ताटात आणखी हॅम वाढलं. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. बोल्टांविषयी बोलायला तोंड उघडलं आणि रबराच्या दर्जाविषयी बोललो. हॅम खाल्लं.
झोप नाही. हॅममुळे असावं.

१९ मार्च
दोष सापडला! उजवीकडची केबल सैल होती. नवी घातली. उद्या न सांगता जायचं आणि सगळा रस वाहून आणायचा. ताई बघतच राहील.

२० मार्च
ताई बघतच राहिली.
सकाळपासून गोळा केलेला रस तिनं गाडीवरच्या टाकीत ओतला. हसली पण. उतारापर्यंत उत्तम. ओढ्यापाशी चिखल लागला, दांडा ढकलला, दोन्ही पट्टे एकदम मिटले, म्हणजे सुधारणा झालीच होती. मग अरुंद झालेली गाडी टाकीच्या वजनानं हळूच आडवी पडली. रस ओढ्यात.
ताई ओरडली नाही. वाकून टाकीत बघितलं, काही उरलंय का. मग रिकाम्या बादल्या उचलून पुन्हा रानात गेली.
मी दांडा आणखी दोनदा ओढून पाहिला. का, ते माहीत नाही.

२१ मार्च
शेजारच्या मादाम ब्लांशेत आपली जाडजूड घोडी घेऊन आल्या. नाव पातात, म्हणजे बटाटा. पातातनं बर्फ तुडवला, चिखल तुडवला, गाडी वर ओढून काढली आणि लीद टाकली. मादामनी विचारलं, "हे यंत्र कशासाठी रे, वाल्मोर?" म्हटलं, बर्फात आणि चिखलात, दोन्हीकडे चालण्यासाठी. त्यांनी घोडीकडे बघितलं आणि "हं" म्हणाल्या.
दाजी म्हणाले, पुरे झालं, जुनी चाकं लावू. दुखरा पाय लांब करून बर्फातच बसले, चाक मांडीवर घेतलं. बसवायला गेले तर बोल्टच नाहीत.
"कधी कापलेस?"
"सुरुवातीलाच."
"म्हणजे जेवताना मी तुझी बाजू घेत होतो तेव्हा..."
मी मान हलवली.
"नवा भाग यायला महिना लागतो. हंगाम तोवर संपतो," एवढंच म्हणाले. मग उठण्यासाठी माझ्याकडे हात केला. त्यांना माझ्याच हाताचा आधार घ्यावा लागला. मी खाली बघत उठवलं.

२४ मार्च
सकाळपासून बादल्या वाहतोय. मादामनी घोडी दिलीय, पण झाडापासून घोडीपर्यंत माणूस लागतो. ताई म्हणाली, माणूस आहे. पायांत बर्फावर चालायचे रुंद जोडे. चिखल आला की काढून काखेत मारायचे, बर्फ आला की पुन्हा घालायचे. फार वेळ जातो. टाचेशी छोटीशी स्प्रिंग बसवली तर जोडा आपोआप मिटेल. आराखडा मनात जवळपास तयार. दाजींना यातून सगळं भरून देता येईल. ताईला समजावून सांगायला लागलो. ती मागे न वळता म्हणाली, "वाल्मोर, बादली सांडतेय."
सांडत होती.